कानताईची नजर

कानताईचं खरं नाव तिच्या पगाराच्या पावतीवर आहे आणि ते तिथेच राहतं. बाकी सगळ्यांसाठी ती कानताई. आमच्या कानाच्या दवाखान्यात ती ऐकू येण्याची तपासणी करते. मी दारातल्या काउंटरवर बसते, म्हणजे माणसं आधी माझ्याशी भांडतात आणि मग तिच्याकडे जातात. इतकी वर्षं एकत्र काढल्यावर कोण किती पाण्यात आहे ते कळतंच. कानताई हट्टी आहे. हे मी आज कौतुकाने सांगते आहे, पण कित्येकदा दात-ओठ खाऊनही सांगितलेलं आहे.

तिची खोली म्हणजे खोलीत खोली. बाहेरच्या बाजूला टेबल, टेबलावर संगणक, त्याला जोडलेलं तपासणीचं यंत्र. समोर दुहेरी काच. काचेपलीकडे चारी भिंतींना गालिचा ठोकलेली एवढीशी खोली, तिथे शिरलं की आपलाच आवंढा आपल्याला ऐकू येतो. मोठी माणसं तिथे हेडफोन लावून बसतात आणि आवाज आला की हातातलं बटण दाबतात. लहान मुलांसमोर लाकडी ठोकळे आणि एक टब असतो. आवाज आला की ठोकळा टबात. आधी मोठा आवाज, मग हळू, मग त्याहून हळू. जिथे मूल ठोकळा टाकायचं थांबतं, तिथे त्याच्या कानाची हद्द संपली. या खेळावर पोराच्या पुढच्या आयुष्याचं बरंच काही ठरतं.

मग वरून मेलचा नियम आला. आमचे मॅनेजर माणूस म्हणून वाईट नाहीत, पण कुठल्या प्रशिक्षणाला जाऊन आले की त्यांच्या अंगात येतं. आलेल्या प्रत्येक मेलला लगेच उत्तर गेलंच पाहिजे, उशीर करणाऱ्याचं नाव चहाच्या खोलीतल्या फळ्यावर लाल अक्षरात. मेल कसल्या, तर गाड्या नीट लावा, फ्रिजमधले जुने डबे काढा, यंत्रांच्या कंपनीची नवी सवलत वाचा. निम्म्या मीच पाठवत होते, तसा हुकूम होता.

पहिल्याच दिवशी मेलची टिंग थेट हेडफोनमध्ये गेली आणि आत बसलेल्या आजोबांनी इमानदारीत बटण दाबलं. कानताईने तिथल्या तिथे संगणकाचा आवाज बंद केला आणि पीडा टळली म्हणाली. पीडा कसली टळते. आवाज गेला, पण पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नवी मेल आल्याचा चौकोन उगवत राहिला. वर एप्रनच्या खिशात फोन थरथरत राहायचा. तिचे यजमान बस चालवतात, बोलणं कमी. त्यांनी एकदा जेवताना विचारलं की तू माझ्याशी बोलते आहेस की मांडीशी, कारण फोन मांडीवर होता. हे तिनेच मला हसत सांगितलं होतं. तेव्हा दोघी हसलो.

त्याच दिवसांत ती मुलगी आली. पाच वर्षांची, बोलणं थोडं बोबडं, डोळे मात्र असे की समोरच्याच्या कपाळावरची आठीही सुटायची नाही. आई घरी शिवणकाम करणारी, टेप गळ्यातच विसरून आलेली. शाळेतल्या बाईंचं म्हणणं होतं की पोरीचं लक्ष नसतं, सांगितलेलं डोक्यात शिरत नाही. कानात दोष नसेल, तर पुढच्या सत्रापासून तिला मागे पडणाऱ्या मुलांच्या वेगळ्या वर्गात बसवायचं ठरलं होतं. त्या वर्गात गेलेलं मूल सहसा परत येत नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं. कानताईने तपासणी केली. पोरीने सगळ्यात हळू आवाजालाही ठोकळा टाकला. कान उत्तम असा अहवाल गेला.

थोड्याच दिवसांत आई पोरीला घेऊन पुन्हा माझ्यासमोर. मॅनेजर तिथेच होते. अहवाल स्पष्ट आहे, उगीच पुन्हा वेळ कशाला, असं ते गोड शब्दांत सांगत होते. बाई ऐकून घेत होती आणि जागची हलत नव्हती. शेवटी म्हणाली, "साहेब, कागद म्हणतो तिला ऐकू येतं. मी म्हणते येत नाही. कागद तिच्याबरोबर राहत नाही, मी राहते."

कानताई दारात उभी होती. तिने मॅनेजरांकडे पाहिलंसुद्धा नाही. आतला पेशंट झाला की पोरीला घेऊन या, एवढं बोलून ती वळली.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. मोठ्या आवाजाने खेळ समजावून झाला, मग मध्येच पोरीला पाणी प्यायचं होतं म्हणून हेडफोन काढला आणि परत लावला. कानताई हळू आवाज देत गेली, पोर ठोकळे टाकत गेली. एकही चुकला नाही. आईला काय सांगावं याचा विचार करताना कानताईचं लक्ष सहज यंत्राच्या मागे गेलं. हेडफोनची पिन निघून लोंबत होती. पोरीच्या कानात मघापासून काहीच जात नव्हतं, आणि पोर टबात ठोकळे टाकत होती.

तिने मला हाक मारली. चेहरा पांढराफटक. पोरीला बाहेर आईकडे पाठवून मला तिच्या खुर्चीत बसवलं, हेडफोन न लावता, आणि म्हणाली मी तपासणी केल्यासारखं करते, तुला काय दिसतं ते सांग. मी काचेतून बघत बसले. ती बटण दाबायची, आणि दाबलं रे दाबलं की तिची नजर उजवीकडे खाली जाऊन यायची. आवाज दिल्यावर मूल काय करतं याची क्षणभर वाट बघावी लागते, त्या रिकाम्या क्षणात ती मेल आली का बघत होती. दर वेळी. अगदी घड्याळाच्या लोलकासारखं.

मी बाहेर येऊन सांगितलं, "तू बटण दाबलंस की तुझे डोळे कोपऱ्यात जातात. पोर कानाने खेळत नाहीये, तुझ्या डोळ्यांवर खेळतेय."

ती खाली बसली. मला वाटलं रडेल. टेबलाची कड घट्ट धरून ती म्हणाली, "म्हणजे कान उत्तम हे मीच लिहिलं, आणि तिला त्या वर्गात मीच ढकलत होते." मी समजूत घालायला गेले तर मला गप्प केलं. आईला आत बोलावून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, माफी मागितली, पुढच्या आठवड्यात या म्हणाली. शाळेलाही फोन करून अहवाल मागे घेतला.

आईला दिलेला तो आठवडा कानताईने स्वतःच्या डोळ्यांशी भांडण्यात घालवला. आधी कोपऱ्यातला चौकोन बंद केला. नजर तरी जायची, रिकाम्या कोपऱ्याकडे. कोपऱ्यावर कागद चिकटवला, तर कागदाकडे. शेवटी त्या संगणकावरून मेलच काढून टाकली, आणि तरी तिची नजर जायचीच. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मग जेवणाच्या सुट्टीत मला आत बसवायची. तिची नजर हलली की मी ठोकळा टाकायचा. पहिल्या दिवशी माझा टब भरून ठोकळे जमिनीवर आले. मी मुद्दाम जोरात टाकत होते, खोटं कशाला बोलू, मजाही येत होती. ती चिडायची आणि पुन्हा सुरू करायची. माझा डबा तसाच गार व्हायचा, त्याचं तिला काही नाही.

घरी यजमानांना सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की डेपोत फोन पेटीत टाकल्याशिवाय बसची किल्ली मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कानताईने फोन माझ्या हातात ठेवला. काउंटरच्या खणात ठेव, मी मागितला तरी द्यायचा नाही. दुपारपर्यंत मागायला आलीच. काही आलं का गं, सहज विचारते. आलं असेल, संध्याकाळी बघ, म्हणून मी खणाला किल्ली लावली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच फळ्यावर तिचं नाव लिहिलं होतं. पण गेली मुकाट्याने.

फळ्यावर नाव लागलंच, लाल अक्षरात, सगळ्यात वर. मॅनेजरांनी बोलावलं आणि मलाही साक्षीला घेतलं. कानताईने आपला बेत सांगितला. मेल बघणार सकाळी दार उघडायच्या आधी आणि शेवटचा पेशंट गेल्यावर. मधल्या वेळात मेल पाठवणाऱ्याला आपोआप उत्तर जाईल की मी तपासणीच्या खोलीत आहे, तातडीचं असेल तर काउंटरला फोन करा. शिवाय नियम आल्यापासून तपासलेल्या प्रत्येक लहान मुलाला पुन्हा बोलावणार. यावर मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. दवाखान्याची अब्रू जाईल म्हणाले. मग जरा विचार करून, एवढं कशाला, मुलांची खुर्ची भिंतीकडे फिरवा म्हणजे तुमचे डोळे दिसणार नाहीत, असा तोडगा काढला. तसा तोडगा अगदीच वेडगळ नव्हता.

"लेकराला भिंतीकडे तोंड करून बसवायचं आणि मी मेल बघायच्या?" कानताई शांतपणे म्हणाली. "सर, शिक्षा चुकीच्या माणसाला होतेय. आत गेलेलं मूल मला बघून धीर धरतं. माझं नाव फळ्यावर राहू दे. पुसू नका."

मॅनेजरांनी विचारलं, पुन्हा बोलवायच्या मुलांच्या आईवडिलांना फोन कोण करणार. मी करेन असं ते म्हणाले नाहीत, पण नकोही म्हणाले नाहीत. फोन अर्थातच मी केले आणि बोलणीही मीच खाल्ली.

ठरल्या दिवशी आई पोरीला घेऊन आली. मी काउंटर सोडून कानताईच्या मागे जाऊन उभी राहिले, मला राहवेना. पिन नीट बसलेली तिने हाताने चाचपली. मोठ्या आवाजाला पोरीने झटकन ठोकळा टाकला. पुढचा जरा हळू, तोही टाकला. मग आणखी हळू. पोर थांबली. ठोकळा हातात धरून कानताईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, नेहमीची खूण शोधत. कानताईची नजर तिच्यावरून हलली नाही. पुन्हा आवाज दिला. पोरीचे ओठ थरथरायला लागले, आपलं काय चुकलं ते तिला कळेना. शेजारी बसलेल्या आईने तोंडावर हात घेतला. मला वाटलं आता पुरे, थांबव. कानताईच्या मानेवरची शीर ताठ झाली होती, पण चेहऱ्यावर तेच साधं हसू. तिने आवाज थोडा वाढवला, आणखी थोडा. ठोकळा टबात पडला. तिथे तिने कागदावर खूण केली, दुसऱ्या कानाचीही तपासणी तशीच केली, आणि मगच आत जाऊन पोरीला कडेवर घेतलं.

दोन्ही कानांत दोष होता. बोलण्यातले बारीक आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हते, आणि पोर लोकांचे चेहरे वाचून दिवस काढत होती. डॉक्टरांनी यंत्रं लिहून दिली. शाळेला नवा अहवाल गेला आणि वेगळ्या वर्गाचा विषय संपला. पुन्हा बोलावलेल्या मुलांपैकी बाकीची ठीक निघाली. कानताईने तरीही कानाला खडा लावला तो लावलाच. तिचं नाव फळ्यावर बरेच दिवस होतं, मग फळाच कुणीतरी काढला.

यंत्रं बसवून काही दिवस झाल्यावर पोर दाखवायला आली. आत दुसरा पेशंट होता म्हणून मायलेकी माझ्यासमोर बसल्या. आई मला सांगत होती की आता झाकण पडलं की दचकते, रडतेसुद्धा, खूप आवाज आहे म्हणते. पोर पाय हलवत चित्रांचं पुस्तक बघत होती. एवढ्यात माझ्या खणात कानताईचा फोन थरथरला. कुलूपबंद खणात, कागदांच्या गठ्ठ्याखाली, मलासुद्धा जेमतेम कळला.

पोरीने पुस्तकातून मान वर केली. माझ्याकडे नाही बघितलं, आईकडेही नाही. सरळ खणाकडे. खुर्चीवरून उतरून आली आणि खणाला बोट लावून म्हणाली, "मावशी, इथे काहीतरी वाजतंय."

आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी किल्ली शोधायला लागले, कशासाठी कोण जाणे. तेवढ्यात कानताई पेशंटला सोडायला दारापर्यंत आली होती, तिने सगळं ऐकलं. पोरीपाशी गुडघ्यावर बसली, तीही खणाकडे बघत.

"हो गं," ती म्हणाली. "वाजू दे. तू आत चल."