नागनाथाच्या पायऱ्या बसून उतरताना

औंढ्याच्या नागनाथाला मी कितीतरी वर्षं बाहेरूनच हात जोडत आले. आमच्या कुरुंद्यापासून औंढा काही फार लांब नाही, आणि श्रावणात तिथे जायचा मायचा नेम. पण नागनाथाची पिंड जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. मंडपातून एक अरुंद वाट खाली जाते. छत डोक्याला लागतं, पायऱ्या उंच आणि ओलसर, त्यामुळे धडधाकट माणसालाही तिथे बसून सरकत उतरावं लागतं. माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. शाळेत असताना तो ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरमध्ये गेला. नकली पायाचा घोटा वळत नाही, म्हणजे खाली जायचं तर तो काढायला हवा, आणि उरलेला पाय चारचौघांत उघडा पडणार. ते मला नको होतं. "लई गर्दी हाय, माय, तू जाऊन ये," असं सांगायचं आणि मंडपातल्या खांबाला टेकून उभं राहायचं, हे ठरलेलं. एवढं करून देवाकडे मागणंही एकच असायचं, माझं झाकून ठेव.

हे कुणाला सांगितलं तर पटायचं नाही, कारण लोकांनी मला मैदानावर पाहिलेलं. मी आधी धावायला लागले, मग जोडीला बॅडमिंटन धरलं. दोन्हींत पदकं आली, गावात शाल-नारळ झाले, बातमीत 'जिद्दी कन्या' म्हणून फोटोही आला. त्या प्रत्येक फोटोत मी पायघोळ ट्रॅक पँटमध्ये आहे. भर उन्हाळ्यात बाकीच्या खेळाडू अर्ध्या चड्डीत आणि मी घामानं चिंब. कुणी विचारलं तर सांगायचे, मला ऊन सोसत नाही. सत्काराला भाषणं व्हायची, जिद्द, जिद्द, आणि मला खुर्चीत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सख्ख्या मावशीच्या घरी झोपताना जी पोरगी नकली पाय काढत नाही, तिची कसली आलीय जिद्द.

गेल्या वर्षी उरलेल्या पायाला जखम झाली, ती भरेचना. पळणं बंद, बॅडमिंटनही बंद, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. खेळाशिवाय मला दुसरं काही येत नाही. मला शिकवणाऱ्या सरांनी तेव्हा तिसरा खेळ काढला, बसून खेळायचं व्हॉलीबॉल. जाळी खुजी, खेळाडू जमिनीवर. नकली पाय काढून भिंतीशी ठेवायचा आणि हातांच्या रेट्यानं बुडावर सरकत चेंडू गाठायचा. माझ्या दंडात जोर आहे, म्हणून सरांना खात्री होती. पहिल्या सरावाला मी हिंगोलीच्या हॉलमध्ये गेले. बाकीच्या पोरी गप्पा मारत मारत पाय काढून बसल्या. मी पट्ट्याला हात घातला आणि हात तिथंच राहिला. पाणी पिऊन येते म्हणून बाहेर पडले ती थेट बसस्टँडवर. सरांचा फोन आला. "रविवारी निवड हाय. पाय काढून बसायची तयारी असंल तरच ये. न्हाईतर मी दुसरीला घेतो. राग न्हाई माझा तुझ्यावर." राग नाही, हेच जास्त लागलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

मायला सगळं सांगितलं. शनिवारी सकाळी ती म्हणाली, "चल, औंढ्याला जाऊ." मंडपात पोचल्यावर मी आपली खांबाकडे वळले, तसा तिनं माझा दंड धरला.

"किती दिवस खांबाला टेकून ऱ्हाशील, बाई? त्यानं तुहं काय पाह्यलं न्हाई?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, भक्ती वगैरे काही नव्हती, निव्वळ राग. त्या भरात मी फरशीवर बसले, पट्टे सोडले आणि पाय काढून मायच्या हातात दिला. तिनं तो पदराखाली घेतला, अंगावरचं लेकरू घ्यावं तसा. रांगेतल्या दोघीतिघी बघत राहिल्या. माझे कान तापले. आता मागं फिरावं तर एका पायावर उड्या मारत जावं लागणार होतं, म्हणून पुढं सरकले.

माझ्या पुढं एक वयस्कर, जाडजूड मावशी उतरत होती. एकेका पायरीला तिची देवाशी तक्रार चालली होती. "नागनाथा, कुठं जाऊन बसलास रं बाबा, गुडघ्यांचं पार वाटोळं झालं." मध्येच एक पायरी फार उंच आणि गुळगुळीत निघाली. उजवा पाय टेकेना, डावा अधांतरी. मागून लोक "चला, चला" करत होते. वर जाता येईना, खाली जाता येईना. घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं. आजवर देवाला मी चिक्कार काही सांगितलं होतं, त्या क्षणी एवढंच सुचलं की आता तूच बघ, माझ्यानं होत नाही.

तेवढ्यात खालून एक खरखरीत, गरम तळवा माझ्या उरलेल्या पायाखाली आला. नेमका व्रणावर, जिथं मी मायलाही हात लावू देत नव्हते. मी दचकून पाय ओढला.

"ठेव भार, लेकरा. हात हाय खाली."

"मावशी, तिथं पाय न्हाई मला."

"ठावं हाय. ठेव म्हणलं ना, काहून लाजून राहिलीस? मागं लोक खोळंबलेत."

मी भार ठेवला. हात हलला नाही. पुढच्या पायरीला पुन्हा तो तिथंच होता, आणि त्याच्या पुढच्यालाही. खाली पोचल्यावर मी मान वळवून पाहिलं. माझ्या मागून कडक इस्त्रीतला एक माणूस बुडावर सरकत येत होता, त्याच्यामागून शालू सावरत एक नवी नवरी, ती पण तशीच. त्या वाटेवर उभ्यानं कुणालाच चालता येत नव्हतं. पिंडीवर हात ठेवला, गार लागली. रडू आलं ते आवरलं नाही. काही मागायचं राहूनच गेलं.

वर येताना मावशीचे गुडघे अडले. "ढकल गं पोरी, माझी कसली लाज धरतीस," म्हणाली, आणि मी खांदा लावून तिला पायरी पायरीनं वर ढकललं. दोघी हसत होतो. मंडपात तिनं पाय चोळले, गाव सिद्धेश्वर धरणाकडं म्हणाली, आणि प्रसाद हातावर ठेवून गेली. पाय कसा गेला ते तिनं विचारलं नाही, तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. माय म्हणते, तो नागनाथच होता. मला काय ठाऊक. त्याचे गुडघे इतके दुखत असतील असं वाटत नाही. पण ज्या जागेची मला लाज होती, बरोबर तिथंच त्यानं कुणाचा तरी हात पाठवला, हे मी मानते, आणि रोज त्याचे आभार मानते.

रविवारी हॉलमध्ये मी पट्टे सोडले. लाज आली, येतेच, अजूनही येते. आधी ती गेली की मग बसेन असं मी धरून बसले होते. आता म्हटलं, ती असू दे, भार टाकून बघू. जमिनीवर बसले आणि पहिल्याच चेंडूला कालच्यासारखीच सरकले, तळवे टेकून. निवड झाली का नाही ते संध्याकाळी कळलं, झाली. पण माझ्या मनात राहिलंय ते त्याच्या आधीचं. सामना सुरू होण्यापूर्वी मी भिंतीकडं पाहिलं. बाकीच्यांचे पाय तिथं रांगेत उभे होते. माझा तेवढा सोबत आलेल्या मायच्या मांडीवर, सवयीनं पदराखाली झाकलेला. मी मैदानातूनच ओरडले, "माय, पदर काढ."

तिला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तिनं पदर बाजूला केला, पाय उचलला आणि सगळ्यांच्या पायांशेजारी नेऊन उभा केला.