दोन्ही हात वर

व्हिएतनामला मी आणि माझा मित्र असे दोघंच जाणार हे कळल्यावर गावात जी थट्टा सुरू झाली, ती अजून संपलेली नाही. चौकातल्या टपरीवर चहा प्यायलाही जाता येईना. "बायका घरी ठिवून समुद्र बघाया निगालात व्हय राव? वहिनींना इचारलंय का?" विचारायला वहिनी घरात कुठं होत्या? आमच्या दोघांच्याही बायका भजनी मंडळाबरोबर चारधामला निघाल्या होत्या. मागं राहून आम्ही एकमेकांच्या हातचं पिठलं खाण्यापेक्षा कुठंतरी हिंडून यावं, असं माझ्या मुलानं ठरवलं. तिकिटं, हॉटेल, सगळं त्यानंच मोबाईलवर उरकलं.

माझा हा मित्र शेजारच्या गावचा. थोडी शेती दोघांचीही, पण उभं आयुष्य गेलं चाकणच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपला. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणारी दांडगी मशिनं असतात तिथं. त्याचा कान शॉपमध्ये नावाजलेला होता. ठोक्याचा आवाज जरा बदलला की हा लांबून हात वर करायचा, आणि मशीन थांबवून बघावं तर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, खरंच हललेली असायची. त्याच कानांना आता फारसं ऐकू येत नाही, आणि हे तो कुणापुढं कबूल करत नाही. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही की मान डोलावतो. त्यामुळं लोक त्याला मोठा समजूतदार माणूस समजतात.

निघायच्या दिवशी त्याची मुलगी आम्हाला सोडायला आली. ती लग्न होऊन वाकडला गेलेली, आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. बापाची नजर चुकवून तिनं मला एक डबी दाखवली. आत कानाचं मशीन होतं, तिनंच हौसेनं आणलेलं आणि बापानं एकदाही न लावलेलं. "काका, पप्पांच्या बॅगेत ठेवतेय. तिथं ओळखीचं कुणी नसेल. तिथं तरी त्यांना लावायला लावा ना." तिचे डोळे भरून आले होते. मी हो म्हणालो. पण या बाबाला मला आजवर साधं हेल्मेट घालायला लावता आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी जाग आली ती पहिल्या शिफ्टच्या वेळेला. हॉटेलचा नाश्ता अजून उघडला नव्हता, म्हणून घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खाता खाता मी मशिनाचा विषय काढला.

"ते कानात घाल की. पोरीनं एवढ्या मायेनं दिलंय."

"कशाला? तू हायेस की वरडायला," असं म्हणून त्यानं चटणी पुढं ओढली. विषय संपला.

किनारा सुरेख होता. पांढरी वाळू, निळं पाणी, लोक नुकतेच पोहायला उतरत होते. वाळूत दोन झेंडे रोवले होते आणि त्यांच्यामध्येच उतरायचं असा तिथला नियम. माझा मित्र अंगात शर्ट तसाच ठेवून, डोक्याला टोपी घालून लहान मुलासारखा पाण्यात शिरला आणि बघता बघता झेंड्याच्या पलीकडं कमरेएवढ्या पाण्यात गेला. पाण्यावर लक्ष ठेवणारा एक तगडा माणूस मचाणावर बसला होता. त्यानं शिट्टी मारली. आजूबाजूचे सगळे वळून बघू लागले, हा सोडून. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली, तो माणूस मचाणावरून उतरून धावत आला. मी बोंब मारत होतो. याचं तोंड समुद्राकडं ते समुद्राकडंच.

मग मी कुठं आहे ते बघायला तो आपणहून वळला, अगदी खुशीत हसत. मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरले.

शॉपमधल्या दणक्यात बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून आमचं सगळं बोलणं हातांनी चालायचं. त्या खुणेचा अर्थ, मशीन बंद, हात बाहेर. ती दिसली की बटणं सोडायची, दोन्ही हात वर करायचे, आणि खूण करणाऱ्याचे हात खाली येईपर्यंत जागचं हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. कुणाची तरी बोटं त्यावर अवलंबून असतात.

तो थांबला. समुद्रात, दोन्ही हात वर करून. ऐकलं बुवा एकदाचं, म्हणून मला हायसं वाटलं. तेवढ्यात लाट आली आणि त्याच्या डोक्यावरून गेली. पाणी ओसरल्यावर टोपी गायब, हात वर. दुसरी लाट आली. हा खोकत वर आला, हात तसेच. तो शिट्टीवाला एकदा माझ्याकडं बघे, एकदा त्याच्याकडं. हा आमच्याकडचा काही धार्मिक प्रकार असावा, असंच त्याला वाटलं असणार. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझे हात अजून फुलीतच होते! ते खाली यायची तो वाट बघत होता. मी झटकन हात सोडले आणि त्याला बाहेर बोलावलं.

धापा टाकत माझ्यापाशी आला तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "काय झालं? कुनाचा हात आडाकला?"

मला हसू आलं. शिट्टीवाला तावातावानं आम्हाला त्याच्या भाषेत बोलला, तेवढ्यात दुसऱ्या कुणाकडं तरी त्याचं लक्ष गेलं आणि अगदी याच्या पाठीमागं उभं राहून त्यानं पुन्हा शिट्टी फुंकली. माझे हात आपोआप कानांवर गेले. हा शर्ट पिळत होता, तो पिळतच राहिला. मग त्याला माझे कानांवरचे हात दिसले. त्यानं मागं वळून त्या माणसाच्या तोंडातली शिट्टी पाहिली.

"शिट्टी वाजली व्हय?"

"व्हय."

"मगाशी बी वाजत व्हती?"

"व्हय राव. समद्यांनी ऐकली."

तो वाळूत बसला. मीही बसलो. समुद्राकडं बघतच तो म्हणाला, "पोरीच्या लग्नात, गाडीत बसताना तिनं माज्या कानात कायतरी सांगितलं. मी मान डोलावली. काय बोलली, मला आजून म्हायती न्हाई."

"इचारायचं मग तिला."

"काय इचारू? पोरगी बापाच्या कानात बोलली आन् बापाला ऐकूच आलं न्हाई, आसं सांगू तिला?"

तो ऐकत नाही म्हणून मी त्याच्यावर किती वेळा चिडलो होतो. त्या क्षणी मला त्याच्याविषयी नुसती माया वाटली.

खोलीवर आल्यावर त्यानं आपणच बॅगेतून डबी काढली. आमच्या जाड्याभरड्या बोटांनी ते इवलंसं मशीन कानात बसवताना दोघांनाही घाम फुटला. एकदाचं बसलं. मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "येतंय का ऐकू?"

तो दचकून मागं सरला. "हळू बोल की! बहिरा हाय का मी?"

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो गॅलरीत गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला. खाली लाटा येत होत्या. बराच वेळ त्यानं कान देऊन ऐकलं. "ठोका बराबर हाय," म्हणाला.

त्यानंतर त्यानं मुलीला व्हिडिओ कॉल लावला. बापाच्या कानातलं मशीन बघून तिनं तोंडावर हात धरला. त्यानं तिला काही बोलूच दिलं नाही.

"लग्नात गाडीत बसताना माज्या कानात काय म्हणलीस गं?"

"तुम्हाला कळलं नव्हतं?"

"न्हाई."

"मी म्हणाले होते, पप्पा, रडू नका, मी वाकडलाच तर चाललेय. तर तुम्ही मान डोलावली, आणि आणखीच मोठ्यानं रडायला लागलात."

त्यानं फोन कानातल्या मशिनाजवळ नेला.

"परत एकदा म्हण," तो म्हणाला.