तलावाकाठची थंड पेटी

"ताप उतरला नाही सर, थर्मामीटर काखेतून काढून माठात ठेवलं तुम्ही."

ज्ञानदा निमजे भर बैठकीत हे बोलली तेव्हा कुणी हसलं नाही. एक अधिकारी काजू चावता चावता थांबला, एवढंच. नवा रायपूरमधल्या त्या हवामान कक्षात तिची जीभ सगळ्यांना ठाऊक होती. डबा खायला तिच्या टेबलाशी कुणी बसत नसे. रायपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढत असतानाच आई म्हणायची, "हे पोट्टी जिभेपायी उपाशी मरन." पोट्टी मेली नाही. हवामानशास्त्रात डॉक्टरेट घेऊन याच गावात परतली आणि कंत्राटी पदावर तापमानाचे आकडे तपासू लागली.

शहराचं तापमान मोजणारी पांढरी जाळीदार पेटी वर्षानुवर्षं एका सरकारी कचेरीच्या आवारात उभी होती. मग तिथे साहेबलोकांच्या गाड्यांना शेड हवी झाली. पेटी उचलून तेलीबांधा तलावाकाठच्या बागेत, हिरवळीवर, कारंज्याशेजारी बसवली. फोटो छान येतो म्हणून. फीतसुद्धा कापली. तेव्हापासून रायपूर कागदावर थंड होऊ लागलं. आजूबाजूच्या प्रत्येक केंद्रावर उन्हाळे चढत होते, रात्री निवायचं विसरल्या होत्या; एकटी ही पेटी तुषारांखाली गारेगार. कक्षप्रमुख श्यामकांत यांना त्यात शहर हिरवं करण्याच्या योजनेचं यश दिसलं. ज्याला यश दिसायला लागतं त्याला दुसरं काही दिसेनासं होतं.

"जुने अन् नवे आकडे एका रेषेत जोडता येत नाहीत, सर," ज्ञानदा म्हणाली. "जागा बदलली. आधी तो फरक काढावा लागते."

"अहो मॅडम, काहून एवढं ताणून राहिल्या? तलाव रायपुरातच आहे ना?"

"हव. माझा फ्रीजही रायपुरातच आहे. त्यात ठेवू का पेटी?"

शेजारच्या टेबलावरची पद्मिनी कुजबुजली, "दीदी, जाने दो ना."

जाऊ देण्यासारखं ते नव्हतं. उष्णतेच्या दिवसांचा सरकारी आराखडा याच आकड्यांच्या अहवालावर ठरणार होता. उन्हाळे वाढताहेत असं निघालं, तर शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीत उघड्यावर राबणाऱ्यांना भर दुपारी काम थांबवायची मुभा मिळणार होती. कमी होताहेत असं निघालं, तर ते कलम गळणार होतं. ज्ञानदा मागच्या मे महिन्यात तिकडे जाऊन आली होती. लोखंडी कांबी चढवणारी माणसं उभ्या ट्रकखाली आडवी पडली होती. सावली तेवढीच. ट्रक निघाला तर काय कराल, असं तिनं विचारलं, तेव्हा एकानं डोळे न उघडता सांगितलं, "ट्रक हटही त हमू हट जाबो." ट्रक हटला की तेही हटणार.

अहवाल तज्ज्ञाच्या सहीशिवाय पुढे सरकत नव्हता, आणि तज्ज्ञ ती एकटीच होती. श्यामकांतनी तिला धमकावलं नाही. आपल्याकडे अडचणीच्या माणसाचं जे करतात तेच त्यांनी केलं: सत्कार ठरवला.

सभागृहात एसी इतका वाढवला होता की पहिल्या रांगेतले पाहुणे हात चोळत होते. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. मंचामागे फलक: 'शीतल रायपुर'. ज्ञानदाच्या खांद्यावर जाड लोकरी शाल घातली, हातात नारळ दिला. शाल हे आपलं जुनं हत्यार. ती पांघरलेला माणूस हात उगारत नाही, दोन्ही हातांनी ती सावरत बसतो.

"हमारी निमजे मैडम मतलब रायपुर का एसी!" श्यामकांत माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांनी जास्त वाजवल्या. मग फाईल उघडून त्यांनी तिच्यापुढे सरकवली आणि आवाज उतरवला. "इथं फक्त सही, मॅडम. फोटोवाला थांबून राहिला. पुढच्या महिन्यात तुमच्या कंत्राटाचंही पाहून घेऊ."

तिनं फाईलकडे पाहिलं. आलेखातली रेष तलावाकडे उतरणाऱ्या पायरीसारखी सुबक खाली गेली होती. खाली बसलेल्या पद्मिनीनं डोळे मिटून घेतले. आता दीदी काय बोलते या भीतीनं. ज्ञानदाच्या ओठांशी दोन-तीन वाक्यं आली होती, चांगली धारदार. पण समोर फोटोसाठी हसू ताणून बसलेले ते चेहरे पाहिल्यावर तिला वाटलं, यांच्यावर ती वाक्यंही कशाला वाया घालवायची?

नारळ तिनं श्यामकांतच्या हातात दिला, शाल उतरवून उघड्या फाईलवर टाकली, पेनाला हात न लावता मंच उतरली आणि खुर्च्यांमधल्या वाटेनं बाहेर उन्हात निघून गेली.