टँकरपलीकडचं बोलणं

बैलगाडा शर्यती मोबाईलवर थेट दाखवायचा आमचा व्यवसाय. हे घाटाच्या, म्हणजे बैल पळतात त्या चढाच्या माथ्यावर, निशाणापाशी कॅमेरा घेऊन उभे असतात. मी खाली व्हॅनमध्ये, काळ्या काचांच्या आत. समोर तीन स्क्रीन, आणि लोकांना कुठला कॅमेरा दिसायचा ते माझं बोट ठरवतं. जुन्नर-आंबेगावातल्या यात्रा सुरू झाल्या की वारूळवाडीचं घर आम्हाला झोपण्यापुरतं उरतं. इतक्या घाटांवर गेले, पण बैल पाहिले ते स्क्रीनवरच. एखादी बाई घाटाकडे सरकली की माईकवाला तिला इतक्या आदराने बाजूला बसायला सांगतो की उभं राहायची सोयच उरत नाही.

मुलगी नोकरीला बंगळूरला गेली आणि घरातलं बोलणं घेऊनच गेली. आमचं भांडण वगैरे काही नाही. चहा झाला का, लाईट गेली, गॅस संपत आलाय. एवढ्यावर आमचा दिवस मावळतो. शेजारणी म्हणतात, नवरा शांत मिळाला, नशीब काढलंस. काढलंय खरं. पण कुणीतरी माझ्याशी, कामाचं नसलेलं, चार वाक्यं बोलावं याची मला अक्षरशः भूक लागते.

म्हणून मला हेडसेट आवडतो. घाटावर दिवसभर यांचा आवाज माझ्या कानात असतो, तोही थेट आत. पूर्वी आमच्याकडे साधे वॉकीटॉकी होते. बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. माणूस लांब गेला की आवाजात खरखर वाढत जायची, म्हणजे जातोय हे निदान कळायचं. आताचं डिजिटल यंत्र खरखर करत नाही. आवाज स्वच्छ असतो, नाहीतर नसतोच.

ते यंत्र मोठं चिवट आहे. बोलण्याचे बारीक तुकडे करून पाठवतं. एखादा तुकडा बिघडला तर लगेच पुन्हा पाठवतं. एका चॅनेलवर गर्दी झाली की न सांगता दुसऱ्यावर जातं. व्हॅनच्या टपावर त्याचे दोन अँटेना आहेत, ज्याला नीट ऐकू येईल त्याचं ते घेतं. पण वाट फार वेळ बघत नाही. ठरल्या क्षणात तुकडा पोचला नाही तर टाकून देतं, कारण उशिरा आलेलं बोलणं पुढच्यात मिसळून सगळाच काला होईल.

आमचाही एक नियम आहे. मी यांच्या कानात गप्प असले म्हणजे सगळं ठीक आहे, मी ऐकतेय. चूक दिसली तरच बोलायचं. प्रत्येक वाक्याला 'ओके, ओके' करत बसले तर बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, निघून जाईल.

आंबेगाव तालुक्यातली एक यात्रा. भर दुपारी बाऱ्या थांबल्या आणि पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले. स्टेजवरचा कॅमेरा मी लावून ठेवला. तेवढ्यात घाटावर पाणी मारायचा टँकर आला आणि माझ्या व्हॅनला खेटून उभा राहिला. व्हॅनमधल्या हेडसेटच्या बेसवर यांच्या नावापुढचा दिवा लाल झाला. लोखंडाची टाकी, आत काठोकाठ पाणी. त्यातून रेडिओ जाणार कसा? यांचं चित्र केबलवरून येतं, ते व्यवस्थित दिसत होतं: रिकामा घाट आणि ऊन. मी ड्रायव्हरला हाका मारल्या, तर तो जेवायला गेलेला. यात्रेत फोन लागायचा प्रश्नच नव्हता. बाऱ्या सुरू होईपर्यंत यांच्याशी काम नाही म्हणून मीही डबा उघडला. नारळ, फेटे, शाली चाललंच होतं. कधीतरी टँकर हलला, दिवा हिरवा झाला. "आवाज येतोय का?" मी विचारलं. "येतोय," हे म्हणाले. आवाज जरा बसलेला वाटला. धुळीने असेल.

संध्याकाळी केबल गुंडाळत होते तेव्हा मढकडचे एक म्हातारे गाडामालक व्हॅनपाशी पाणी मागायला आले. दिवसभर ते निशाणापाशी, यांच्या शेजारीच उभे होते.

"ताई, त्ये क्यामेऱ्यावालं पावणं तुमचं मालक का?"

"हो. का?"

"सत्कार चाललं व्हतं तवा लई बोलत व्हतं तुमच्याशी. आमी म्हनलं, बायकोशी येवढं बोलनारा मानूस न्हाई बघितला राव."

मी केबल खाली ठेवली. "काय बोलत होते?"

"वर भोंगा व्हता, काय ऐकू येतंय? पन बोलायचं, मदीच थांबायचं, परत बोलायचं. एकदा टोपीनं तोंड पुसलं. मी मागं सरलो. म्हनलं, घरचं असंल काई."

लिंक तुटली की हेडसेटमध्ये बीप वाजतो. त्या भोंग्याखाली यांना तो ऐकू आला नसणार. आणि मी गप्प होते. म्हणजे नियमाप्रमाणे ऐकत होते.

गाडी नारायणगावच्या रस्त्याला लागली तसं मी विचारलं, "अहो, दुपारी सत्काराच्या वेळी काय म्हणत होतात?"

हे रस्त्याकडे बघत राहिले. "का?"

"मध्ये टँकर होता. मला काहीच ऐकू आलं नाही."

पुढे टोमॅटोचा टेम्पो होता, त्याला वाट मिळेपर्यंत हे त्याच्यामागेच राहिले.

"सांगा ना. परत सांगा."

"एकदा बोललो ना मी," हे म्हणाले. रागाने नाही. थकलेल्या माणसाने म्हणावं तसं. यांच्या लेखी ते सांगून झालं होतं, आणि मी ऐकून काहीच बोलले नव्हते.