हात लावेल त्याचे वडे

चार मध्यमवयीन माणसं दर रविवारी सकाळी एका फळ्याभोवती वाकून उभी राहू लागली, की किस्से वेगळे जमवावे लागत नाहीत. पितळ कानसताना खाली चुरा पडतो ना, तसे ते पडत राहतात. आपलं लक्ष नसतं, आणि एके दिवशी बघावं तर ढीग! मला लिहून ठेवायची सवय आहे म्हणून माझ्याकडचा ढीग जरा मोठा, इतकंच.

आमचं मंडळ चौघांचं. मुलुंडचे दाताचे डॉक्टर कामत, बोरिवलीचा फर्नांडिस, घाटकोपरचा परब आणि मी. नाद एकच, छोटी रेल्वे. दोन रुळांमधलं अंतर करंगळीएवढं, आणि बाकी सगळं खऱ्यासारखं. कोणी तिला खेळणं म्हटलं की फर्नांडिस भडकतो.

“खेळणं पोरं मोडतात. हे माणसाला मोडतं!”

जमायचो परबच्या खोलीत. चाळीतली खोली आणि स्वयंपाकघर. पण त्याची रेल्वे आमच्या सगळ्यांत मोठी. भलामोठा फळा त्याने दोऱ्या आणि कप्प्या लावून छताला टांगला होता. रविवारी तो खाली उतरायचा, पलंगावर टेकायचा, आणि जेवायच्या वेळेला परत वर जायचा. गिरणी बंद पडली तेव्हा परब कित्येक दिवस कोणाशी बोलत नव्हता. त्या दिवसांत त्याने हा फळा बांधला. तो पुन्हा बोलायला लागला तो रुळांबद्दलच.

*

मंडळाचा नियम एकच, आणि तो परबने केलेला. अडलेल्या इंजिनाला हात लावायचा नाही. रूळ पुसा, तार तपासा, डोकं धरून बसा, पण ढकलायचं नाही. जो ढकलेल त्याने मंडळातल्या प्रत्येकाला बटाटेवडे खायला घालायचे.

पहिला बळी डॉक्टर. बोगद्यात अडलेलं इंजिन त्यांनी सवयीने चिमट्यात धरून बाहेर ओढलं.

परब थंडपणे म्हणाला, “डॉक्टर, तो दात नाय. वडे!”

एकदा विजेचा मीटर बघायला आलेला माणूस आत डोकावला. इंजिन अडलेलं होतं, आम्ही चौघं श्वास रोखून बघत होतो. त्याला आमची दया आली असावी. कानावरची पेन्सिल काढून त्याने इंजिनाला हळूच टोचलं. इंजिन चाललं.

“वडे,” परब म्हणाला.

“ओ साहेब, मी मीटरवाला!”

“मीटरवाल्याक येगळो नियम नाय. पेन्सिल लावली तरी हातच!”

पुढच्या खेपेला तो माणूस खरोखर वडे घेऊन आला. वर म्हणाला, “चटणी तिखट आहे, बघून खा.”

*

मग परबच्या मुलाचं, दिलीपचं, लग्न ठरलं.

आम्ही पेढे तोंडात टाकले आणि नंतर आमच्या लक्षात आलं. सून येणार म्हणजे खोलीत पोटमाळा घालावा लागणार. पोटमाळा घालायचा म्हणजे छताचा फळा जाणार. परबने हे आधीच ओळखलं होतं. तो पेढा हातात धरून नुसता वर बघत होता.

त्याने भिंतीला छातीएवढ्या उंचीवर एक अरुंद फळी ठोकली. गोल फिरणारी रेल्वे तिच्यावर मावणं शक्य नव्हतं. पण एक छोटं यार्ड मावलं असतं. तीन-चार रूळ, दोन सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागा, आणि डबे इकडून तिकडे करायचे. अडचण एकच होती. परबची इंजिनं लांबलचक. इंजिन आणि एक डबा उभा केला की फळी संपली!

परबवहिनींचा स्वभाव कमी बोलण्याचा. चहा ठेवता ठेवता त्यांनी निकाल दिला.

“एकदा न अडता जावन येवंदे. गेली तर रवांदे. नाय तर फळीर माझे डबे.”

स्वयंपाकघरात डाळी-तांदळाचे डबे एकावर एक चढलेले आम्हाला दिसत होते. त्यांचंही खोटं नव्हतं.

*

त्याच सुमाराला बोटीवर नोकरी करणारा डॉक्टरांचा मेहुणा सुट्टीवर आला. परदेशात एक नवीन डिझेल इंजिन निघालं होतं, यार्डात डबे ढकलणारं, सगळ्यात छोटं. आम्ही ते फक्त मासिकातल्या चित्रात पाहिलं होतं. डॉक्टरांनी ते मागवलं होतं.

विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, “सामानात काय आहे?”

मेहुणा सरळमार्गी. म्हणाला, “डिझेल इंजिन.”

अधिकाऱ्याने बॅग बाजूला घेतली, दोन माणसं बोलावली, सगळे कपडे उपसले. शेवटी मेहुण्याने एका मोज्यात हात घालून काडेपेटीएवढी डबी काढली. अधिकाऱ्याने इंजिन तळहातावर घेतलं, उलटसुलट केलं, आणि गंभीरपणे विचारलं,

“आणि बाकीची गाडी?”

*

इंजिन पहिल्यांदा बघितलं ते डॉक्टरांच्या दवाखान्यात. पेशंटच्या खुर्चीवरचा दिवा त्यावर पाडला होता.

फर्नांडिसने भिंग लावून पाच मिनिटं बघितलं. “कठडे जाड आहेत, यार. खऱ्यात असे असते तर ड्रायव्हरला धरायला पंजा हत्तीचा लागला असता!”

डॉक्टरांनी दात बघायचा आरसा खालून धरून पोट तपासलं आणि म्हणाले, “गिअर झकास. कीड कुठेच नाही.”

परबने कठडे बघितले नाहीत की रंग बघितला नाही. इंजिन उलटं केलं, अंगठ्याने चाक फिरवलं आणि विचारलं, “करंट किती चाकं घेतात?”

“चारच आहेत. चारही घेतात.”

“आणि पुढल्या-मागल्या चाकांत अंतर हा एवढाच?”

“एवढंच.”

त्याचा चेहरा उतरला. कारण साधं होतं. इंजिनाला वीज रुळातून चाकांवाटे मिळते. पण सांध्याच्या मधोमध एक प्लॅस्टिकचा तुकडा असतो, तिथे वीज नसते. लांब इंजिनाची बाकीची चाकं तेव्हा पुढच्या-मागच्या रुळावर असतात, म्हणून ते निभावून जातं. हे पिल्लू त्या तुकड्यावर आलं की जागच्या जागी मरणार. फळीवर मावणारं इंजिन एकच, आणि फळीवर सांधे दोन!

तरी परबने ते घेतलं. डॉक्टर भेट म्हणून देत होते, पण तो ऐकेना. आपली दोन्ही लांब इंजिनं त्याने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

“अरे, हे चाललं नाही तर?” मी विचारलं.

“तर ती तरी खंय चलवतलंय?” परब म्हणाला.

*

इंजिन अडलं. पहिल्याच सांध्यावर, पहिल्याच फेरीत.

मी रूळ घासले. फर्नांडिसने चाकं आरशासारखी केली. पुन्हा अडलं. मग डॉक्टर कामत पुढे सरसावले. त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती ती पेशंटना ठाऊक असेल.

“प्लॅस्टिकमधून वीज जात नाही ना? मग ती जागा भरून टाकू. चांदीने! दाढ भरतो तशी.”

त्यांनी दवाखान्यातून सामान आणलं होतं. अर्धा तास खपून त्यांनी तो तुकडा कोरला आणि इतका सुरेख भरला की फर्नांडिस म्हणाला, “डॉक्टर, पुढल्या महिन्यात माझी दाढ पण इथेच भरा.”

परबने बटण दाबलं.

उजवा रूळ आणि डावा रूळ चांदीने एकमेकांना जोडले गेले आहेत, हे आमच्या चौघांच्या एकदमच लक्षात आलं. पण तोपर्यंत धूर निघाला होता! ट्रान्सफॉर्मर गेला, आणि जाताना मजल्याचा फ्यूज घेऊन गेला. रविवारची सकाळ, टीव्हीवरचा कार्यक्रम ऐन रंगात आलेला, आणि अख्ख्या मजल्याचे टीव्ही एकदम गप्प. मिनिटाभरात दारात गर्दी.

शेजारचे तांबे ओरडले, “परबानु, तुमची गाडी आमच्या अंगावर घालू नकात हां!”

वहिनींनी मात्र मेणबत्ती आणून ठेवली, धूर पदराने हाकलला, आणि जाताना एवढंच म्हणाल्या, “पुढल्या सोमवारी सुतार येतलो.”

आमच्या हातात एक रविवार उरला.

*

त्या आठवड्यात परबने चांदी कोरून काढून सांधा पूर्ववत केला. मी माझा ट्रान्सफॉर्मर दिला. फर्नांडिसचं म्हणणं पडलं, की इंजिन हलकं आहे. वजन वाढवलं तर चाकं रुळाला घट्ट चिकटतील आणि आहे त्या वेगातच ती मेलेली जागा पार होईल. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये शिसं भरायचं!

शिसं कुठे मिळणार? फर्नांडिस ज्या कोळणीकडून मासे घेतो तिच्याकडे. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या. याने पापलेट घेतलं आणि एक गोळी मागितली.

“कशाला रं?”

“गाडी हलकी आहे, मावशी. तिच्यात घालायला.”

मावशीने कोयता थांबवला. “शिसा आम्ही जालं बुरवाला लावतो. गारी बुरवाची हाय का तुला?”

गोळी दिली तिने. पण ते वाक्य फर्नांडिसच्या मनातून जाईना. आम्हाला सांगताना तो हसला नाही.

*

शेवटचा रविवार. गोळी तासून केबिनमध्ये बसवली होती. इंजिनामागे तीन डबे. वहिनी पलंगावर बसलेल्या, हात मांडीवर. स्वयंपाकघराच्या दारात डाळी-तांदळाचे चार डबे पुसून ओळीने मांडून ठेवलेले. ते आम्ही सगळ्यांनी बघितले आणि बघितले नाहीत असं केलं.

परबने रेग्युलेटर फिरवला.

पहिला सांधा, पार! डॉक्टरांनी माझा दंड धरला. दुसरा सांधा. इंजिन जरा कचरलं, आणि पार! टोकाला जाऊन थांबलं. परबने दिशा उलटी केली. परत येताना पुन्हा तो सांधा, पार. आता फक्त शेवटचा राहिला. त्याच्यापुढे वीतभर रूळ आणि घर.

शेवटच्या सांध्यावर इंजिन थांबलं.

परबने रेग्युलेटर पूर्ण फिरवला. काही नाही. फर्नांडिस छताकडे बघायला लागला, जिथे कप्प्यांचे हुक होते. माझ्या बोटापासून अगदी वीतभर अंतरावर इंजिन होतं. एक केस लावला असता तरी गेलं असतं. मी हात पाठीमागे बांधले.

वहिनींनी विचारलं, “चलत नाय?”

“नाय.”

“मगे ढकला.”

“ढकलूचा नसता.”

“कोणी?”

“कोणीच.”

वहिनी उठल्या. दारातल्या डब्यांकडे एकदा बघितलं. मग फळीपाशी आल्या, पदराला बोट पुसलं, आणि करंगळी इंजिनाला मागून हलकेच टेकवली, झोपलेल्या पोराला उठवावं तसं.

इंजिन चाललं. तिन्ही डबे घेऊन वीतभर रूळ गेलं आणि टोकाला टक्क करून उभं राहिलं.

परबने रेग्युलेटरवरचा हात काढला नाही. मान वर केली नाही. कोरड्या आवाजात म्हणाला,

“वडे.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं, चांगलंच बघितलं. मग वळल्या, दारातले डबे ओलांडून आत गेल्या. आत बटाटे धुतल्याचा आवाज येऊ लागला. पाणी थांबलं, आणि त्यांनी आतूनच विचारलं,

“पाच जणांचे करूचे ना?”