माणिकबाईची फणी

माणिकबाई गजरा नुसता गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत नसे. अमरावतीत देवळाबाहेर तिची फुलांची टोपली असे आणि टोपलीपुढे एक बुटकं स्टूल. गिऱ्हाइकासोबत लेक दिसली की ती म्हणे, "बस वं माय, डोक्याचं घरटं झालं तुह्या." मग कमरेची लाकडी फणी काढून भांग पाडायची, वेणी घालायची आणि वर मोगरा माळायची. वलगावच्या मळ्यातली फुलं तिथल्या सगळ्याच फुलवाल्या विकत. पण पोरी आयांना ओढत आणत त्या या स्टुलापाशी.

उन्हाळ्यात अकोटहून नात आली, श्रावणी. तिलाही रोज तीच फणी. सुट्टी सरत आली तेव्हा तिच्या कानामागे एक टक्कल दिसलं. केस मुळाशी तुटलेले, तूर कापल्यावर शेतात खुंट उरतात तसे.

"चाई लागली," म्हणून माणिकबाईनं त्यावर कांदा चोळला. पोर किंचाळली. दोन दिवसांत जागा लाल झाली. मग श्रावणीनं डोक्याला जो रुमाल बांधला तो झोपेतही सोडेना. आजीचा हात जवळ आला की मान आखडून घेई. माणिकबाईला टकलापेक्षा ती मान जास्त लागली.

श्रावणीची आई प्रतीक्षा अकोटहून धावत आली. तिघी मिळून त्वचेच्या डॉक्टर अनुपमांकडे गेल्या.

"आजी, ही चाई नाही. चाईत कातडी गुळगुळीत असते. इथे कोंडा आहे. ही बुरशी आहे."

"बुरशी? पोरगी काय शिळी भाकर हाये?"

श्रावणी खुदकन हसली. किती दिवसांनी!

"केस परत येतील," डॉक्टर म्हणाल्या. "नुसत्या मलमानं भागणार नाही, गोळ्या पुऱ्या करायच्या. डोकं भादरू नका, कांदा तर नकोच. उशी, टॉवेल वेगळे ठेवा. आणि फणी कोणाची वापरता?"

माणिकबाईचा हात आपसूक कमरेकडे गेला.

त्या संध्याकाळी फणी चुलीत गेली. दुसऱ्या दिवशी स्टूल होतं, पण बसायला आलेल्या पोरीला तिनं थांबवलं आणि आईला म्हणाली, "बाई, माह्या फणीनं नातीच्या डोक्यात बुरशी झाली असन. तुमच्या लेकीचं डोकं पाहून घ्या."

"इतके दिवस काय झोपल्या होत्या?" ती बाई फणकारली आणि गजरा न घेताच गेली. पुढच्या प्रत्येकीलाही तिनं तेच सांगितलं.

शेजारी फुलं विकणारी सुंदराबाई वैतागली. "कावून सांगत बसली वं? कोणाले समजलं असतं?"

"मले त समजलं होतं ना."

धंदा पडला. हळूहळू काही जणी परतल्या, घरची फणी पिशवीत घेऊन. माणिकबाई जिची तिची फणी घेई, हात धुई, मग वेणी घाली. श्रावणी मात्र अकोटला गेली ती रुमाल बांधूनच. फोनवर गोळ्यांचं बोले, केसांचं नाही.

दिवाळीत ती आली. टोपलीत शेवंती होती. पोर थेट स्टुलावर बसली, रुमाल सोडला आणि खांद्यावरून मागे एक गुलाबी फणी धरली.

"माझी आहे. माझ्या एकटीची."

कानामागे वासराच्या कपाळासारखी मऊ लव आली होती. माणिकबाईचा हात वरच थबकला.

"दुखन का वं?"

"नाही गं आजी," श्रावणीनं मान पुढे केली. "घट्ट घाल."