आधी त्याचा घोट

ऐंशी सालाच्या आसपास कोंढ्याच्या आठवडी बाजारात शिरलो की मी आधी त्या जडीबुटीवाल्याकडे धावायचो. काय रुबाब होता! काढ्याची बाटली गिऱ्हाइकाला देण्याआधी तो तिच्यातला एक घोट स्वतः घ्यायचा, मिशी पुसायचा आणि गरजायचा, "झाडपाल्यानं कोनाले काई होत नाई! पाहा, मीच पेऊन राहिलो!" लोक टाळ्या पिटायचे. सगळ्यात जोरात मी!

एका बाजाराच्या दिवशी दुखऱ्या गुडघ्यासाठी मीही बाटली मागितली. घोट घेऊन तो माझ्याकडे पाहून हसला, आणि मी दचकलोच. डोळे हळदीसारखे पिवळे!

"भाऊ, कावीळ झाली तुमाले! हा काढा बंद करा!"

"मालूम हाये," मिशी पुसत तो म्हणाला, "म्हनून तं आजपासून दोन-दोन घोट घेऊन राहिलो!"